‘शेवटी एफएमवरूनच ऐकायचं, तर डिजिटल कशाला?’

जुन्या गाडीत स्वस्तात डिजिटल रेडिओ बसवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अ‍ॅडॉप्टरचा छोटा डबा डिजिटल स्टेशन पकडणार आणि तेच एफएमवरून जुन्या सेटला ऐकवणार, म्हणजे सगळा फायदा वाटेतच सांडला. त्यापेक्षा सेटच बदलावा, नाहीतर सरळ मोबाइलवर ऐकावं. शिवाय तुम्ही असा डबा लावून पाहिलात, तर तो सारखा अडखळत होता.

आवाजापुरतं तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. एफएममधून १५ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अगदी तार आवाज पोहोचत नाही, हे खरं. पण डॅब प्लसवरची (डॅब ही डिजिटल रेडिओची पद्धत, डॅब प्लस तिची सुधारलेली आवृत्ती) कितीतरी स्टेशनं मुळातच कमी बिटरेटवर, म्हणजे आवाजाचा तपशील कापून येतात, काही तर मोनोत. आणि टायर, इंजिन, वारा यांच्या गोंगाटात तो वरचा भाग ऐकू येतो म्हणणाऱ्याला माझा नमस्कार! डिजिटल घ्यायचं ते जास्तीच्या स्टेशनांसाठी, आणि एफएम सोडून गेलेल्या स्टेशनांसाठी. नॉर्वेत राष्ट्रीय स्टेशनं २०१७ मध्ये एफएमवरून गेली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ संपताना एफएम बंद केलं. तिथल्या जुन्या गाडीवाल्याला आधी बातम्या ऐकू यायला हव्यात, नादमाधुर्याचं नंतर बघू.

तरी एफएम ट्रान्समीटर, म्हणजे डब्यातला आवाज हवेतून सेटला पाठवणारा भाग, ही माझीही शेवटचीच पसंती. सेटला ऑक्स, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक, असेल तर वायर लावा, विषय संपला. ऑक्स नाही पण कॅसेट प्लेयर आहे, तर कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर चालतो. दोन्ही नसेल तर अँटेनाच्या वायरीत बसणारा मॉड्युलेटर बघा. तो सिग्नल हवेत न सोडता वायरीतूनच सेटला देतो. हवेतून पाठवणाऱ्या ट्रान्समीटरला युरोपात ५० नॅनोवॅटची मर्यादा आहे. एवढ्याशा ताकदीवर गर्दीच्या शहरात एखादं मोठं स्टेशन त्याला सहज गिळतं.

आता सेट बदलण्याबद्दल. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगवरची बटणं, पार्किंग सेन्सरची पीप-पीप असं काय काय त्या सेटला जोडलेलं असतं, ते सोडा. जुन्या गाडीची अँटेना एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झसाठी केलेली असते आणि डॅब येतं १७४ ते २४० मध्ये. म्हणजे महागडा सेट आणला तरी त्याला डॅबची अँटेना द्यावीच लागते. तुमचा डबा अडखळत होता तो बहुधा याच पायी. त्यावर सेट बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

डिजिटलमध्ये सिग्नल कमी पडला की एफएमसारखी खरखर येत नाही. आधी गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, मग एकदम शांतता. असं झालं की लोक डब्याला शिव्या घालतात. स्वस्त डब्यासोबत काचेवर आतून चिकटवायची पातळ अँटेना येते. तिला तांब्याच्या पत्र्याची एक छोटी शेपटी असते, ती काचेच्या बाजूच्या खांबाच्या उघड्या धातूला चिकटायला हवी. गाडीचा पत्रा हा त्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग आहे. लोक काय करतात? प्लास्टिकचं कव्हर काढायचा कंटाळा करून शेपटी कव्हरवरच चिकटवतात, किंवा जास्तीची म्हणून कापूनच टाकतात! मग स्टेशन टिकेल कसं? कव्हर काढताना मात्र जपून: त्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असेल, तर वायर तिच्या पुढून नेऊ नका, मागून न्या. जमत नसेल तर हे काम मेकॅनिकलाच द्या.

काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असेल तर तिथे आतून लावलेल्या कुठल्याच अँटेनाचा उपयोग नाही. मागच्या बाजूची छोटी काच किंवा बाहेरची चुंबकी अँटेना घ्या. आणि डॅशकॅम, तो समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा! त्याचा आणि हलक्या यूएसबी चार्जरचा विद्युत गोंधळ नेमका डॅबच्या पट्ट्यात पसरतो. स्टेशन गेलं की आधी डॅशकॅमची पिन उपटून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच परत येतं.

मोबाइलचं म्हणाल, तर डेटा आणि नेटवर्क दोन्ही मुबलक असेल तर जरूर ऐका, वाद नाही. जिथे डॅबचं प्रसारणच नाही तिथे तर तोच मार्ग. आकाशवाणीचं डिजिटल प्रसारण डीआरएम या डॅबहून वेगळ्या पद्धतीचं आहे, त्यापुढे हा अ‍ॅडॉप्टर मुकाच बसणार.

तुमचा तो डबा अजून असेल तर टाकू नका. तांब्याची शेपटी कुठे चिकटवली होती आणि गाडीत डॅशकॅम आहे का, एवढं कळवा. ऑक्समधून कुईं आवाज येत असेल आणि तो इंजिनच्या वेगाबरोबर चढत असेल, तर तेही लिहा. ते दुखणं वेगळं, त्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ऑक्सच्या वायरीत बसून तो आवाज अडवणारी छोटी डबी, लागेल.