काका, वाळवंट म्हणजे दुष्काळ नव्हे

नमस्कार काका,

मे महिन्यात जोधपूरच्या वाळवंटी बागेत मुलांना घेऊन गेले होते, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सही 'गोरेगावचा एक आजोबा' अशी आहे, म्हणून काका म्हणते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मेच्या उन्हात मुंबईची मुलं राजस्थानात नेणं शहाणपणाचं नाही. शेर नावाच्या झाडाची फांदी मोडून चीक दाखवणं हा निष्काळजीपणा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दारात असताना परमुलखातला निसर्ग कशाला? आणि सगळ्यात शेवटी तुम्ही लिहिलंत, 'मी मूळचा नगर जिल्ह्यातला. १९७२ चा दुष्काळ सुकडी खाऊन काढला. रखरखाट हा मुलांच्या सुट्टीतला खेळ नाही.'

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच उत्तर लिहिणं मला जमलं नाही. आज बसले आहे, तर सगळंच लिहिते.

आधी शेराबद्दल, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जोधपूरहून परत आल्यावर गॅलरीतल्या कुंडीतल्या शेराचं टोक मोडून मी मुलांना पांढरा चीक दाखवला आणि 'घरी करून बघा' म्हणून लेखातही लिहिलं. शेर, थोर, निवडुंग यांचा चीक कातडीवर आग करतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मुलं हात न धुता डोळे चोळतात, हे मी रोज घरात बघते, तरी लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे आणि का काढला तेही तिथे लिहिलं आहे. ज्यांनी तो वाचून काही केलं असेल त्यांना विनंती, हे झाड मुलांना लांबूनच दाखवा. चीक लागलाच तर साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली डोळा बराच वेळ धरा आणि घरगुती उपाय न करता सरळ डॉक्टर गाठा.

आता उन्हाबद्दल. माझी धाकटी बहीण जोधपूरला असते. सुट्टीत मुलगा, भाची आणि शेजारचा अकरा वर्षांचा मुलगा अशा तिघांना घेऊन मी तिच्याकडे गेले होते. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. आम्ही बाग उघडल्या उघडल्या आत जायचो आणि साडेआठला गाडीत बसलेले असायचो. भर दुपारी एकही मूल उंबऱ्याबाहेर गेलं नाही. हे लेखात मी एका ओळीत उरकलं, त्यामुळे आम्ही दिवसभर उन्हात हिंडलो असं तुम्हाला वाटलं असणार. तो दोष माझ्या लिहिण्याचा.

कोरड्या उन्हाची एक गोष्ट मुंबईकर आयांना ठाऊक नसते, ती सांगते. आपल्याकडे घाम अंगावर निथळतो, मूल चिकचिकाट झाला म्हणून रडतं, आपण पाणी देतो. जोधपूरला घाम येतो आणि तिथल्या तिथे सुकतो. मुलाचं अंग कोरडं, त्याची तक्रार नाही, आणि शरीरातलं पाणी मात्र चाललेलं असतं. म्हणून तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी, मधूनमधून मीठ-साखरेचं, आणि लघवीचा रंग गडद दिसला की त्या दिवसाची फेरी रद्द, हा नियम बहिणीने पहिल्याच दिवशी घातला. सकाळी बूट झटकून घालणं हा दुसरा. नगरकडच्या माणसाला विंचवाबद्दल मी काय सांगायचं!

पण घरात कोंडलेल्या त्या दुपारीच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, आणि त्याबद्दल मी लेखात फारच थोडं लिहिलं. मावशीच्या माठातलं पाणी इतकं गार की दात शिवशिवावेत. भाची म्हणाली, आमच्या माठाला असं का येत नाही? म्हणून एक रुमाल भिजवून पिळला आणि ओसरीच्या सावलीत दोरीवर टाकला. वीस मिनिटांत तो कडक वाळला. मुंबईत परतल्यावर तोच रुमाल तसाच पिळून मुलुंडच्या आमच्या गॅलरीत टाकला, तर दोन तासांनी दमटच. माठातून पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी घ्यायला नाखूश. तीन मुलांनी एका रुमालावरून दोन शहरांची हवा ओळखली. तोवर मीसुद्धा माठवाल्यालाच दोष देत होते.

दुसरा प्रयोग पिशवीचा. बहिणीच्या अंगणात कडुनिंब आहे आणि कुंडीत थोर. सकाळी दोघांच्या एकेका फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तोंडाशी दोरा बांधला. (थोराला मोठ्यांनी, हातमोजे घालून.) दुपारी उंबऱ्यातून बघितलं तर कडुनिंबाच्या पिशवीत आतून थेंब धरलेले आणि थोराची कोरडी. थोर, निवडुंग यांसारखी झाडं आपली रंध्रं, म्हणजे अंगावरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा, दारं बंद ठेवून, त्याच्यावर अन्न बनवतात. हे समजावून सांगत होते तर शेजारचा मुलगा म्हणाला, 'म्हणजे तोपण आपल्यासारखा दुपारी घरात बसतो.' मला एवढं सोपं करून सांगता आलं नसतं.

आता दुष्काळ. काका, तुमचं ते वाक्य मला लागलं ते योग्यच होतं, कारण लेखातल्या एका फोटोखाली मी 'वाळवंटाची धमाल' असं लिहिलं होतं. ज्याने पाण्यासाठी मैलोन्‌मैल पायपीट केलेली माणसं पाहिली त्याला तो शब्द कसा वाटेल, याचा विचार केला नव्हता. तो शब्दही आता तिथे नाही.

पण एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे. वाळवंट आणि दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांना तिथे नेलं ते नेमकं हे कळावं म्हणून. दुष्काळात पाऊस येणार या भरवशावर पेरलेलं करपतं, विहीर आटते, माणूस घर सोडून खडी फोडायला जातो. वाळवंटातल्या झाडाने असा भरवसा ठेवलेलाच नसतो. जोधपूरला वर्षाला सरासरी ३६ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईत दोनशे सेंटिमीटरच्या वर. पण त्या छत्तीसात तिथल्या झाडाचा संसार भागतो. केर नावाच्या तिथल्या झुडपाला पानं जवळजवळ नसतातच, हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. थोर पावसाळ्यात पानं धरतो आणि पाऊस सरला की टाकून देतो. आणि खेजडी तर ऐन मे महिन्यात हिरवीगार उभी होती, कारण तिची मुळं फार खोल जातात. ही खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो ते झाड माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली अमृतादेवी आणि तिच्याबरोबर एकूण ३६३ बिष्णोई माणसांनी ही झाडं तोडू नयेत म्हणून प्राण दिले, ते कशासाठी, हे त्या सावलीत उभं राहिल्यावर मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि केर म्हणजे तुमच्याकडची नेपती, बरोबर ना? नगरच्या माळावर ती असते. तुमच्या घरी तिच्या फळांचं लोणचं घालत असत का, हे जरूर कळवा.

त्या बागेची हकिकत तर खास तुमच्यासाठी सांगायला हवी. तिथे आधी आपली वेडी बाभूळ माजलेली होती. मूळची मेक्सिको, दक्षिण अमेरिकेकडची ही बाभूळ ओसाड जागा हिरव्या करायच्या म्हणून आपल्या देशात आणली गेली. मारवाडात तिला बावळिया म्हणतात, अर्थ तोच, वेडी. इतक्या लांबच्या दोन मुलखांतल्या लोकांनी एका झाडाला एकच नाव ठेवलं, यावरून तिने काय केलं असेल ते कळतं. वरून हिरवं दिसायचं, पण खाली स्थानिक झाडांना जागाच उरली नाही. २००६ साली ती काढायचं काम सुरू झालं. झाडांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली हे झालं. मुळं कातळाच्या भेगांत रुतलेली, वरून कितीही तोडा, पुन्हा फुटायची. शेवटी उपयोगी पडले खंडवालिये, म्हणजे तिथले पिढीजात दगडकाम करणारे. ते हातोडीने कातळावर ठोकतात आणि नुसत्या आवाजावरून खाली भेग कुठे आहे ते ओळखतात. त्यांनी छिन्नीने खड्डे कोरून मुळं उपटली आणि त्याच खड्ड्यांत त्या खडकावरची मूळची झाडं लावली. २०११ मध्ये बाग लोकांसाठी उघडली.

ही गोष्ट ऐकल्यापासून पुढचे चार दिवस आमची तीन मुलं दिसेल तो दगड ठोकून कान लावत होती. हा भरीव, हा पोकळ. मी त्याला उपक्रम म्हटलं नव्हतं, त्यांनीच तो शोधला. तो खडक सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा. अंधेरीची गिल्बर्ट हिल साडेसहा कोटींच्या आसपासची, तीही लाव्ह्याचीच. घराजवळचा कातळ वयाने लहान निघाला याचं माझ्या मुलाला का कोण जाणे फार वाईट वाटलं.

त्या डोंगराला कुणीतरी एकदा ओसाड ठरवलं होतं, काका. आपल्या माळरानांना सरकारी कागदात पडीक म्हणतात तसंच. जे मूल केर, थोर, खेजडी ओळखीची करून आलंय, ते मोठं होऊन अशी जमीन बघेल तेव्हा 'इथे काही नाही' असं म्हणणार नाही, एवढ्यासाठी मी हे करते.

राहिला तुमचा परमुलखाचा मुद्दा. गुलमोहर मादागास्करचा आहे आणि त्याच्याशिवाय मुंबईचा मे महिना आपल्याला सुचत नाही, यावर मी जास्त काही लिहीत नाही. राणीच्या बागेतली आणि वसईच्या किल्ल्यातली गोरखचिंच आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातली, खोडात पाणी साठवणारी. मुलांनी आता तिला जाऊन पोटाशी कवळ घातली ती ओळखीच्या माणसाला घालावी तशी.

पण राष्ट्रीय उद्यानाचं तुमचं म्हणणं मी उचललेलंच आहे, फक्त उलट्या क्रमाने. जोधपूरच्या त्या बागेतून खडकात कोरलेला एक जुना पाण्याचा मार्ग जातो, हाथी नहर. आजूबाजूच्या टेकड्यांवरचं पावसाचं पाणी गोळा करून शहराकडे न्यायचं, म्हणून तो केलेला. जूनच्या दुसऱ्या रविवारी, पाऊस यायच्या आधी, आम्ही राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना गेलो. याआधीही दोनदा नेलं होतं, तेव्हा मुलांनी माकडं बघितली आणि भेळ मागितली. या वेळी मुलगा कातळावर वाकून म्हणाला, 'आई, इथेपण नहर आहे.' खरंच, लेण्यांच्या माथ्यावरून पन्हळी कोरून पाणी टाक्यांत उतरवलेलं आहे. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला पोढी म्हणतात. कुणी कुणी ती दान केली त्याची नोंद दगडावर आहे.

मग भाचीने विचारलं, इथे तर एवढा पाऊस पडतो, साठवायचं कशाला? आम्ही तिथेच सावलीत बसून महिने मोजले. चार महिने पाऊस, आठ महिने जवळपास थेंब नाही. म्हणून साग पानं टाकतो, म्हणून काटेसावर उघडी होते, म्हणून कातळाच्या कडेला निवडुंग टिकतो. त्याच डोंगरांत तुळशी तलाव १८७९ पासून मुंबईला पाणी देतो आहे. कपात लागली की मुलं तक्रार करतात, ती का लागते ते त्या दिवशी त्यांनी स्वतः बोटांवर मोजलं. जोधपूरला गेलो नसतो तर कान्हेरीत हा प्रश्न आला असता का? माझ्या अनुभवाने तरी, नाही.

तुम्ही असंही लिहिलंत की तुमच्या लहानपणी असले उपक्रम कुणी घेतले नाहीत, तरी सगळं आपोआप कळलं. कळलं, कारण तुम्ही त्यातच राहत होतात. शेराच्या चिकाबद्दल तुम्हाला कुणीतरी, बहुधा आजीने, दरडावून सांगितलं असणार. आमच्या सोसायटीत ते सांगणारं कुणी नाही. मला स्वतःलाच ते तुमच्याकडून कळलं.

तुमची प्रतिक्रिया मी मुलाला वाचून दाखवली. सुकडी म्हणजे काय, त्याने विचारलं. दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं, एवढंच मला सांगता आलं. त्याच्या जोधपूरच्या वहीत शेवटी चार पानं कोरी होती. त्यातल्या एका पानावर त्याने तुमच्यासाठी तीन प्रश्न लिहिले आहेत. सुकडीची चव कशी होती? गुरांना काय घालत होतात? आणि विहीर आटली की तळाशी काय दिसायचं? प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी त्याने जागा सोडली आहे.