मराठी का?

आज सकाळीही मी अर्ध्या ब्रशने दात घासले. मागच्या दाढांपर्यंत पोचायचं तर चार बोटं तोंडात घालावी लागतात आणि आरशात बघितलं की वाटतं हा माणूस घशात अडकलेलं काहीतरी बाहेर काढतोय. नवीन ब्रश आणता येतो, मला कळतंय, पण आणला की बायको म्हणणार "एवढा लांब कशाला लागतो?" आणि मग परत तो ओढा, तो दगड, तो माणूस. म्हणून एकदाच लिहून टाकतो आणि मोकळा होतो.

तर आम्ही दोघं डोंगरात गेलो होतो. पाच दिवस, पाठीवर सॅक, उन्हाळ्याच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे खाली फुलं आणि वर अजून बर्फ असतो ना तेव्हा. कल्पना माझी, रजा दोघांची. पहिले दोन दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही, ते सगळं तिने तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी खणखणीत आवाजात सांगितलं आणि लोच्या तिथेच झाला.

हा ओढा सकाळी ओलांडायचा होता. रात्री वर थंडीने बर्फ वितळायचं मंदावतं, त्यामुळे पहाटे पाणी सगळ्यात कमी, आणि दिवसभर ऊन खाऊन खाऊन दुपारी तोच ओढा अंगावर येतो. हे तिला माहीत होतं. ती म्हणाली होती पाचला निघू. मी म्हणालो होतो एवढी काय घाई आहे, बारा किलोमीटर तर जायचंय. मग मी सॅक भरली, मग स्टोव्ह तळाशी गेला म्हणून उपसून परत भरली, मग हातात मोजे राहिले म्हणून परत, आणि निघालो साडेसातला. मऊ झालेल्या बर्फात गुडघ्यापर्यंत पाय रुतवत ओढ्याशी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि समोर करड्या रंगाचं, दगड गडगडत नेणारं पाणी. बारातले आठच किलोमीटर झाले होते.

आता आमचं एक जुनं धोरण आहे. परक्या मुलुखात गेलं की मराठीत बिनधास्त भांडायचं. घरी भिंती पातळ, शेजारी जाड, त्यामुळे वर्षभराचं साचलेलं असतं. इथे दोन दिवसांत एक मराठी अक्षर कानावर पडलं नव्हतं. तीसेक फुटांवर एका दगडावर कुणीतरी आमच्याकडे पाठ करून पाय वाळवत बसलं होतं, पण असेल कुणीतरी. त्याला काय कळणार.

तिने सुरुवात केली. पाचची गोष्ट, मग सॅकची, मग सनस्क्रीन नको ढग आहेत म्हणालास त्याची, मग स्लीपिंग बॅग तू घेतलीस आणि रात्रभर मी कुडकुडले, मग टेंटमध्ये तू आडवा झोपतोस. मी पण गप्प बसणारा नाही, मी तिच्या मामाने लग्नात काय केलं तिथपर्यंत गेलो (त्याचा ह्या ट्रेकशी काही संबंध नाही, पण विषय निघाला की निघतो). त्यावर तिने ठेवणीतलं काढलं. म्हणाली, "आणि काल रात्री अस्वल आलं म्हणून मला उठवलंस, शिट्ट्या फुंकल्यास, आणि ते काय होतं? तुझ्याच जॅकेटची चेन! वाऱ्याने टेंटच्या काठीवर आपटत होती!"

शांतता झाली. आणि त्या शांततेत दगडावरचा माणूस सावकाश वळला. साठी उलटलेला, डोक्यावर कापडी टोपी, नाकावर पांढरं मलम. आणि तो म्हणाला,

"मराठी का?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं? नाही म्हणायचं?

"नाही, मी काही ऐकत नव्हतो हां," ते म्हणाले. "ऐकू येत होतं." आणि मग पायात मोजा चढवता चढवता, "वहिनींचं बरोबर आहे."

मला वाटलं एवढ्यावर मिटलं. पण काका उठून आमच्याजवळ आले, आमच्या मॅटवर बसले आणि म्हणाले की एक एक मुद्दा घेऊ. शपथेवर सांगतो, मुद्दा हाच शब्द. आणि पहिला मुद्दा कुठला, तर शिट्टी. "काल रात्री ती शिट्टी तुमचीच होती होय? मी पलीकडच्या उतारावर होतो. संकटात असलं की मिनिटाला सहा शिट्ट्या वाजवायच्या असतात, मग एक मिनिट थांबायचं, मग परत सहा. मी उठून बसलो आणि मोजल्या. नऊ झाल्या. नऊ म्हणजे काहीच नाही. झोपलो परत."

म्हणजे खरंच अस्वल असतं तर हा माणूस माझी मोजणी चुकली म्हणून कूस बदलून झोपला असता. हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पण नव्हतं ना?" आणि बायको हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि कुणाच्या विनोदाला!

पुढचा मुद्दा वेळ. तुम्ही किती तास धरले होते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं चार, आणि अंदाजपंचे नाही, नियमाने. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला नियम आहे, तासाला पाच किलोमीटर आणि वर दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. आमचे बारा किलोमीटर, चढ ९०० मीटर, म्हणजे तीन तास चोपन्न मिनिटं. हे मी घरून काढून आणलं होतं आणि इतका वेळ राखून ठेवलं होतं, की कुणी विचारलंच तर आपल्याकडे १८९२ आहे. काकांनी मान डोलावली. "नियम चांगला आहे. धडधाकट माणसासाठी आहे, बऱ्या वाटेवर, न थांबता. त्यात मऊ बर्फ धरलेला नाही." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, "तुम्हीही धरलेले नाही."

स्लीपिंग बॅगच्या बाबतीत मात्र मला आजही वाटतं की चूक माझी नाही, लेबलची आहे. लेबलवर दोन आकडे असतात. एक कम्फर्ट, एक लिमिट. मी लिमिटचा बघून घेतली, कारण तो आकडा जास्त थंड होता आणि जास्त थंड म्हणजे जास्त चांगली, असं कुठलाही सरळमार्गी माणूस समजेल. तर ते तसं नसतं. काकांनी समजावून सांगितलं की आयएसओच्या पद्धतीत कम्फर्टचा आकडा काढतात तो सैल पडून झोपलेली बाई धरून, आणि लिमिटचा काढतात तो अंगाचं मुटकुळं करून कसाबसा तग धरणारा पुरुष धरून. "म्हणजे तुम्ही वहिनींसाठी," ते म्हणाले, "एका आखडून पडलेल्या पुरुषाची बॅग घेतलीत." आता मला सांगा, हे दुकानात कुणी सांगतं? दुकानात सांगतात सर एकदम बेस्ट आहे, आम्ही स्वतः वापरतो. दोन माणसांचा टेंट म्हणतात त्याचंही तेच. आमचा आतून १३० सेंटीमीटर रुंद आहे. एक मॅट ५१ सेंटीमीटर, दोन टाकल्या की उरले अठ्ठावीस, आणि त्या अठ्ठावीसमध्ये दोन सॅक, दोघांचे बूट, ओले मोजे आणि अख्खा संसार. शिवाय दोघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर धरते आणि पहाटे कपाळावर टपटपते. ही दोन माणसं नक्की कोण, ती एकमेकांशी बोलतात का, हे एकदा मला त्या लेबल लिहिणाऱ्याला विचारायचंय. पण ओरडा कोण खातो? लेबलवाला नाही खात.

सनस्क्रीनवर फार वेळ गेला नाही. बर्फ अंगावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत वर परत फेकतो, वरून ढग असले तरी खालून भाजतंच, आणि माझी नाकपुडी आतल्या बाजूने सोलली होती. पुरावा समोर लोंबत होता. काकांनी नुसतं बोट दाखवलं.

मग त्यांनी खिशातून वजनकाटा काढला.

हा हुकाचा, बॅगा टांगून मोजायचा काटा असतो ना, तो. डोंगरात. माझी सॅक भरली १६.४ किलो, तिची ११.२. काकांची भरली ७, अन्नपाण्यासकट. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "आणि काका, ह्या काट्याचं वजन किती?" मला वाटलं आता सापडला. त्यांची पापणीही हलली नाही. "त्याला दुसरा काटा लागेल," म्हणाले, आणि माझी सॅक उघडायला घेतली.

मी नको म्हणालो नाही हे मला मान्य आहे. पण तुमच्या बायकोने तुमच्याच सॅकची चेन उघडून धरली असेल तर कोण नको म्हणेल? एकेक वस्तू बाहेर आली. बाहेर काढून ते म्हणायचे "हे?" बस, एवढंच. जाडजूड कादंबरी. "हे?" सुटी आहे, वाचीन म्हटलं. किती पानं झाली? अकरा. दुसरी जीन्स. "हे?" परत येताना बसमध्ये बरी दिसायला. मग माझा चाकू, ज्यात कात्री आहे, पक्कड आहे, बारीक करवत आहे. "करवत कधी वापरलीत?" नाही. "का बाळगलीत?" लागली तर. "हं." त्या हं मध्ये जी कीव होती ती मी विसरणार नाही. हलकं सामान म्हणजे साधेपणा असं ही माणसं बोलतात, पण जेवढं हलकं तेवढं महाग असतं ह्यावर कुणी बोलत नाही, आणि गरीब बिचारी जीन्स मात्र आरोपी.

शेवटी ब्रश आला. काट्याला लावला तर आकडा हललासुद्धा नाही. शून्य. मी म्हटलं बघा. काकांनी आपला ब्रश काढून दाखवला, अंगठ्याएवढा, दांडी कापलेली, आणि म्हणाले, "शून्याचंही अर्धं करता येतं."

ह्या वाक्याला काही अर्थ आहे का? मी त्यावर बराच विचार केलाय. शून्याचं अर्ध शून्यच. पण बायकोला ते इतकं पटलं की तिने माझाच चाकू उचलला, बारीक करवत बाहेर काढली आणि ब्रश मांडीवर धरून कापायला घेतला. घेतल्यापासून पहिल्यांदा ती करवत वापरली गेली. कापतानाचा तो प्लास्टिकचा किरकिर आवाज आणि पांढरा भुसा तिच्या गुडघ्यावर पडत होता ते मला अजून दिसतं. ती जीभ दाताखाली धरून, मन लावून कापत होती.

आणि एवढं होऊन काका उठून निघून जातील, तर कुठे! ओढा चढलेला. त्यांनाही पलीकडेच जायचं होतं. म्हणजे रात्री ओढ्याच्या एकाच काठावर, दहा पावलांवर, आमचा टेंट आणि त्यांचा. टेंटचं कापड वारा अडवतं, आवाज अडवत नाही. मला तर फार बोलायचं होतं. ब्रशबद्दल होतं, वहिनींचं बरोबर आहे ह्याबद्दल होतं, तू कुणाच्या बाजूने आहेस हा मूळ प्रश्न होता. मी कुजबुजायला लागलो की ती तोंडावर बोट ठेवायची. इंग्रजीचा उपयोग नव्हता. मग मला शाळेतली 'च'ची भाषा आठवली. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी लावायचं आणि त्याच्या जागी च. तीस वर्षांनी बोलत होतो पण राग असला की जमतं. मी बराच वेळ बोललो. ती शेवटी वैतागून म्हणाली, "चप्पग चसब."

काही क्षण नुसता ओढ्याचा आवाज. आणि मग बाजूच्या टेंटमधून, अगदी शांत, झोपाळू आवाजात,

"चुशालख चांडाभ, चीम चोपतोझ."

मला उलगडायला वेळ लागला. तिला नाही लागला. ती स्लीपिंग बॅगमध्ये तोंड खुपसून इतकी हसली की टेंटच्या छतावरचं सगळं पाणी माझ्या अंगावर आलं.

पहाटे उठलो तर काका गेलेले. गवतावर त्यांच्या टेंटएवढा कोरडा चौकोन तेवढा होता. ओढा घोट्यापर्यंत आलेला, काल न दिसणारे दगड वर दिसत होते, आम्ही सहज पार झालो आणि ह्याचाही मला रागच आला. एखादा माणूस इतका बरोबर असावा का? निदान एखादी चिंधी तरी मागे विसरून जावं.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही भांडू शकलो नाही. तोंड उघडायचं तर आधी समोरच्या मोठ्या दगडामागे कुणी बसलंय का बघून यायचं, आणि तोवर राग ओसरायचा, किंवा दम लागायचा. पाचव्या दिवशी रस्त्याला लागलो, बस मिळाली. समोरच्या सीटवर टोपी घातलेली एक म्हातारी बाई. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने कोपराने ढोसलं. बरोबर होतं तिचं. मी पुढे वाकलो आणि विचारलं, "मराठी का?"

बाई काहीतरी अगम्य बोलल्या, हसल्या आणि मी बसायला जागा मागतोय समजून खिडकीकडे सरकल्या. मी मागे बघितलं. ड्रायव्हरलाही विचारून आलो. मग परत येऊन बसलो, दीर्घ श्वास घेतला, खिशातून ब्रश काढला आणि म्हटलं, आता बोल, हा का कापलास?