नाइटांच्या दहा आज्ञा आणि सलाउद्दीनचे दहा दिनार

शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आता तिसऱ्यांदा आलाय. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी युद्धालाही नीती होती. युरोपातले नाइट, म्हणजे घोड्यावरचे सरदार-योद्धे, दहा आज्ञा पाळत, दुबळ्यांचं रक्षण करत, शरण आलेल्याला अभय देत. सुलतान सलाउद्दीनने जेरुसलेम जिंकलं तेव्हा एक दमडीही न घेता सगळ्या ख्रिश्चनांना सोडलं. इंग्लंडचा रिचर्ड राजा आणि सलाउद्दीन शत्रू असूनही एकमेकांना मान देत, म्हणूनच त्याला धर्मयुद्ध म्हणतात. खाली हात जोडलेले चार इमोजी.

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. ‘क्रुसेड’, म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला निघालेल्या युरोपातल्या ख्रिश्चनांच्या मोहिमा, त्यांना आपण मराठीत धर्मयुद्ध म्हणतो आणि तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे कुरुक्षेत्र उभं राहतं. सूर्यास्ताला शस्त्रं खाली, कमरेखाली वार नाही, पळणाऱ्याला मारायचं नाही. (हे नियमही अठरा दिवस टिकले नाहीत, दुर्योधनाच्या मांडीला विचारा.) म्हणजे आपल्या लेखी धर्मयुद्ध हे नियमाने लढलेलं युद्ध. क्रुसेडमधला धर्म हा तो धर्म नव्हे. पोप दुसरा अर्बन याने नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेर्मों इथे हाक दिली ती धर्मासाठी लढायला, आणि जाणाऱ्याचं पापांचं प्रायश्चित्त त्या वाटचालीतच होईल असं सांगून. पुढच्याच वर्षी, जेरुसलेम अजून हजारो किलोमीटर लांब असताना, निघालेल्यांतल्या काही टोळ्यांनी वर्म्स आणि माइंत्स या जर्मन शहरांतल्या ज्यूंची कत्तल केली. माइंत्सच्या आर्चबिशपने त्यांना आपल्या वाड्यात आसरा दिला होता. तिथे घुसून मारलं.

आता त्या दहा आज्ञा. ही यादी एकाही क्रुसेडर नाइटाच्या कानावर गेलेली असणं शक्य नाही. जुन्या फ्रेंच वीरकाव्यांतून सार काढून ती रचली लेओं गोतिए या फ्रेंच अभ्यासकाने, आणि त्याचं पुस्तक आलं १८८४ साली. फॉरवर्डसोबतच्या चित्रात मोजून पाहिल्या तर नऊच आज्ञा भरल्या. गाळलेली सहावी आहे: काफिरांशी न थांबता आणि दयामाया न दाखवता युद्ध कर. बरोबर हीच कशी गळाली, कोण जाणे.

नाइटांना वेसण घालायचे खरे प्रयत्न चर्चने केले होते. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘देवाची शांतता’ म्हणून शपथा घ्यायला लावल्या जात: पाद्र्यांना आणि गरीब शेतकऱ्यांना लुटायचं नाही, त्यांची गुरं हाकून न्यायची नाहीत. पुढे बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत लढाईच बंद, असाही नियम आला. गुरं कोण हाकून नेत होतं म्हणून शपथ घ्यायला लावली, हे उघड आहे. चर्चच्या ११३९ च्या लॅटरन परिषदेने क्रॉसबो आणि धनुष्य वापरायला बंदी केली तीही ‘ख्रिश्चनांविरुद्ध’ एवढीच.

शरणागताला अभय? १५ जुलै १०९९ ला जेरुसलेम क्रुसेडरांच्या हाती पडलं त्या दिवशी अल-अक्सा मशिदीच्या छपरावर जीव वाचवायला माणसं चढली होती. तांक्रेद नावाच्या नॉर्मन सरदाराने त्यांना आपलं निशाण दिलं. हे माझे कैदी, कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरे क्रुसेडर वर चढले आणि स्त्रीपुरुष न पाहता तलवारीने मुंडकी उडवली. काहींनी छपरावरून खाली उड्या टाकल्या. हे कुण्या शत्रूने नाही, क्रुसेडमध्ये स्वतः सामील असलेल्या लेखकाने लिहून ठेवलंय. तांक्रेद फार संतापला, असंही तो सांगतो. निशाणाचा उपयोग एवढाच झाला. (घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त चढल्याचं वर्णन मात्र बायबलमधल्या एका ओळीवरून उचललेलं आहे, ते शब्दशः घेऊ नये.)

त्याच शहरात दाऊदच्या बुरुजात इजिप्तच्या फातिमी खलिफांची शिबंदी अडकली होती. त्यांनी बुरूज ताब्यात दिला, पैसे मोजले, आणि तुलूझच्या रेमंडने त्यांना सुखरूप अस्कलानला जाऊ दिलं. छप्पर आणि बुरूज यांत फरक होता तो सौदा करण्याच्या ऐपतीचा.

सलाउद्दीनचा मोठेपणा मला नाकारायचा नाही. २ ऑक्टोबर ११८७ ला शहर हाती आलं तेव्हा कत्तल झाली नाही, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. पण सुरुवातीला त्याला शहर तलवारीनेच घ्यायचं होतं, १०९९ ची परतफेड म्हणून. आत असलेल्या इबेलिनच्या बालियन या ख्रिश्चन सरदाराने धमकी दिली, की मग आम्ही आमच्याकडचे मुसलमान कैदी मारू आणि ‘डोम ऑफ द रॉक’च्या घुमटासकट पवित्र वास्तू पाडू. त्यानंतर तह झाला, आणि त्यात दर ठरले: सुटकेसाठी पुरुषाला १० दिनार (सोन्याची नाणी), बाईला ५, मुलाला त्याहून कमी, मुदत ४० दिवस. शिवाय सुमारे ७,००० गरिबांसाठी ठोक ३०,००० दिनार. दारांवर वसुली सुरू झाली. इब्न अल-असीर हा इतिहासकार कुरकुर करतो, की कारकुनांनी आणि अमीरांनी पैसे खाल्ले, आणि खजिन्यात यायचं ते आलंच नाही. सलाउद्दीनचा भाऊ अल-आदिल याने १,००० जण मागून घेतले आणि मोकळे केले. ख्रिश्चनांचा पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, हेराक्लियस स्वतःचे १० दिनार भरून, चर्चचं सोनंनाणं लादून बाहेर पडला. मागे सुमारे १५,००० लोक उरले, पैसे नसलेले. ते गुलाम म्हणून गेले. दमडी न घेता सोडलं, हे त्यांना सांगायला हवं होतं.

त्याच वर्षीच्या जुलैत हत्तीनची लढाई जिंकल्यावर सलाउद्दीनने टेम्पलर आणि हॉस्पिटलर या धार्मिक संघांचे कैद झालेले नाइट पकडणाऱ्यांकडून विकत घेतले, दर माणशी ५० दिनार, आणि त्यांची मान उडवली. जेरुसलेमचा राजा गी मात्र जिवंत राहिला, बर्फाचं थंड पेय पिऊन.

राहिला रिचर्ड. आजारी पडल्यावर सलाउद्दीनकडून त्याला फळं आणि बर्फ आलं, हे खरं आहे. दोघांची भेट कधीच झाली नाही, हेही खरं आहे. पण २० ऑगस्ट ११९१ ला शरण आलेल्या अक्का शहराबाहेर, कैद्यांच्या सुटकेसाठी ठरलेले पैसे वेळेत आले नाहीत म्हणून, रिचर्डने सुमारे २,७०० बांधलेले कैदी मारून टाकले, सलाउद्दीनच्या सैन्याच्या डोळ्यांदेखत. सलाउद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन सांगतो, की काही जणांना बाजूला काढून ठेवलं होतं: नावाजलेली, हुद्द्याची माणसं, आणि मजुरीला उपयोगी पडतील असे धडधाकट.