"एकदा सही केली की सुटका नाही" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. थोडक्यात म्हणणं असं की मानसिक आजाराच्या खाजगी हॉस्पिटलात कुणालाही ॲडमिट करू नका, एकदा सही केली की ते सोडत नाहीत, शॉक देतात, फोन नि कपडे काढून घेतात, इन्शुरन्सचा एक रुपया मिळत नाही आणि कायमचा वेडा असा शिक्का बसतो. माझा सख्खा भाऊ अशा हॉस्पिटलात राहून बरा होऊन घरी आलाय, त्यामुळे हा मेसेज कुणी काळजीने पुढे पाठवलेला दिसला तरी मला गप्प बसवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते पहिलंच वाक्य, सही केली की सुटका नाही. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे आणि तो २९ मे २०१८ पासून लागू आहे, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे. मोठ्या माणसाला ॲडमिट करायचे त्यात मुख्य दोन रस्ते आहेत. कलम ८६ म्हणजे पेशंट स्वतः समजून उमजून दाखल होतो, त्यासाठी घरच्यांची संमती कायद्याने लागत नाही, आणि मला घरी जायचंय म्हणाला की डिस्चार्ज द्यावा लागतो. फक्त त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वगैरे वाटला तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. दुसरा रस्ता कलम ८९, जेव्हा आजार इतका वाढलाय की माणूस स्वतः निर्णय घ्यायच्या परिस्थितीत नाही. तेव्हा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घ्यायला ठरलेल्या माणसाने, अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक सायकियाट्रिस्टच हवा, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर ३ दिवसांत, बाकीच्यांचं ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे पेशंटच्या हक्कांसाठी ह्याच कायद्याने नेमलेल्या मंडळाला, कळवावंच लागतं, आणि पेशंटला त्या मंडळाकडे दादही मागता येते.

आता बघा, जो वेळेवर स्वतःच्या पायाने चालत जातो त्याच्या हातात सगळ्यात जास्त गोष्टी राहतात. आणि जो असले मेसेज वाचून घाबरून घरीच बसतो, झोप गेलेली, जेवण सुटलेलं, गोळ्या मधेच बंद केलेल्या, त्यालाच शेवटी ८९ खाली न्यायची वेळ येते. म्हणजे ज्याची भीती घातलीय तेच ह्या मेसेजमुळे ओढवतं, आणि ह्याचाच मला खरा राग येतो.

म्हणून ॲडमिशनच्या टेबलावर सही करायच्या आधी सरळ विचारा, हा फॉर्म ८६ चा आहे की ८९ चा? पेशंट स्वतः तयार असताना घाईघाईत नातेवाइकांचा फॉर्म पुढे केला तर थांबवा आणि विचारा. आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण हे बरं असतानाच साध्या कागदावर लिहून सही करून ठेवा, कायद्याला तेवढं पुरतं. नवरा नको बहीण हवी असेल तर तसं लिहा, तुमचा हक्क आहे तो.

शॉकचं. सिनेमात दाखवतात तसं शुद्धीत असलेल्या माणसाला धरून शॉक देणं ह्या कायद्याने बंद आहे. ईसीटी, म्हणजे हीच शॉकची ट्रीटमेंट, द्यायची तर भूल आणि स्नायू सैल करायचं औषध द्यावंच लागतं, उपाशी पोटी नेतात, झटका साधारण मिनिटभराच्या आतला असतो. अल्पवयीन मुलांना तर पालकांची संमती आणि मंडळाची परवानगी दोन्ही असल्याशिवाय देताच येत नाही. त्या दिवसांतलं थोडं विसरायला होतं हे खरंय, ते डॉक्टरांनी आधी सांगायला हवं आणि तुम्ही विचारायला हवं. पण प्रत्येक ॲडमिट पेशंटला शॉक देतात हे साफ खोटं आहे, माझ्या भावाला एकदाही दिला नाही, गोळ्या नि समुपदेशन ह्यावरच तो सावरला.

फोन आणि कपडे. इथे मेसेजमध्ये थोडं खरं आहे आणि त्याचं कारण सांगितलेलं नाही. बॅग तपासतात, अगदी कप्पा न् कप्पा. आमच्यासमोर सिस्टरने पायजम्याची नाडी ओढून काढली, बुटांच्या लेस काढल्या, चार्जरची वायर, काचेची तेलाची बाटली, रेझर, सॅनिटायझर असं सगळं एका पिशवीत घालून नावाची चिठ्ठी लावून आमच्या हातात दिलं, आणि आईला समजावून सांगितलं की शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या हाताला लागू नये म्हणूनही हे करतो. जिवाला जपण्यासाठी आहे ते. म्हणून जाताना इलॅस्टिकच्या पँटी, बिनबटणाचे टीशर्ट, चपला, प्लॅस्टिकचा कंगवा, एखादं पुस्तक एवढंच न्या, ओढणी, बेल्ट, मंगळसूत्र, अंगठ्या घरी ठेवा. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, युनिफॉर्मची सक्ती करता येत नाही. फोनवर बोलायचा, भेटायला आलेल्यांना भेटायचा, नको असलेल्याला नाही म्हणायचाही हक्क कलम २६ मध्ये आहे, फक्त वेळा हॉस्पिटलच्या असतात. त्या वेळा आधीच विचारा आणि चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून द्या, मोबाईल जमा झाला की पाठ कुणालाच नसतात.

आणि गोळ्या, ह्यावर कुणी बोलत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बीपी-शुगर-थायरॉइडचीसुद्धा, जुनी फाईल, शेवटचे ब्लड रिपोर्ट, आणि आधी कुठल्या गोळीने त्रास झाला होता ते लिहून न्या. लिथियम (मूड सावरायचं औषध) चालू असेल तर त्याच्या रक्तातल्या पातळीचा रिपोर्ट नक्कीच. ॲडमिट व्हायच्या दिवशी घरात इतकी गडबड असते की हे आठवत नाही, आदल्या दिवशीच एका पिशवीत भरून ठेवा.

इन्शुरन्स मिळत नाही हे जुनं झालं. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं कलम २१ सांगतं, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंय. मात्र आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड, रूम रेंटची मर्यादा हे लागू असतं, आणि बाहेरून घेतलेलं काउन्सेलिंग बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही. ॲडमिशन ठरलेली असेल तर दोन-तीन दिवस आधी टीपीएशी (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेशी) बोला, डिपॉझिट किती आणि परत कधी मिळणार ते विचारा.

एक मान्य करते, वाईट जागा आहेत. म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं रजिस्ट्रेशन बघितल्याशिवाय कुठेही जाऊ नका, आणि हे व्यसनमुक्ती केंद्रांनाही लागू आहे, तिथे लोक विचारतच नाहीत. साखळीने बांधणं ह्या कायद्याने पूर्ण बंद आहे, असं कुठे दिसलं तर माणसाला तिथून हलवा आणि मंडळाकडे तक्रार करा.

राहिला शिक्का. ॲडमिट झालं म्हणून कुणी कायद्याने वेडं ठरत नाही, ते फक्त कोर्ट ठरवू शकतं. घटस्फोटाचंही तसंच, नुसतं निदान पुरेसं नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच स्किझोफ्रेनियाच्या एका केसमध्ये सांगितलंय. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, थोडेच अपवाद आहेत. ऑफिसला द्यायच्या सर्टिफिकेटवर नेमकं काय लिहिणार ते डॉक्टरांना ॲडमिट होतानाच विचारून घ्या, आणि नातेवाइकांत कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे पेशंटला ठरवू द्या.