तळे ओंटारिओत, दरपत्रक अमेरिकी डॉलरमध्ये: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या उत्तर-पश्चिम भागातील मासेमारी लॉज, म्हणजे मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांची तळ्याकाठची मुक्कामाची ठिकाणे, आपले दर अमेरिकी डॉलरमध्ये का जाहीर करतात, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि कडक शब्दांत लिहिले आहे. आपले आक्षेप मला तीन दिसतात. ज्या देशात तळे आहे, नोकर आहेत आणि कर भरला जातो, त्या देशाचे चलन बाजूला सारून शेजाऱ्याच्या चलनात भाव सांगणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, हा पहिला. कॅनेडियन डॉलर घसरला की होणारा सगळा फायदा मालकाच्या खिशात जातो आणि कामगारांचे पगार मात्र जिथल्या तिथे राहतात, हा दुसरा. सार्वजनिक पाण्यावर चालणाऱ्या धंद्याने कॅनेडियन माणसालाच परका ठरवावे हे अन्यायाचे आहे, हा तिसरा. मी त्या लेखात मालकांची बाजू घेतली, असेही आपण म्हणता. ती बाजू मी आजही सोडत नाही. परंतु आपण जिथे बोट ठेवले आहे त्याच्या अगदी शेजारी एक खरे दुखणे आहे, आणि ते नीट वेगळे काढता यावे म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

फसवणुकीचा मुद्दा आधी घेतो. व्यवहार कॅनेडियन चलनात व्हावेत हा कॅनडाच्या चलन कायद्याचा सर्वसाधारण नियम असला, तरी दुसऱ्या देशाच्या चलनात केलेल्या विक्रीला आणि कराराला त्याच कायद्यात मुभा आहे. त्यामुळे करही बुडत नाही: ओंटारिओत १ जुलै २०१० पासून लागू असलेला १३ टक्के हार्मोनाइज्ड सेल्स टॅक्स त्या रकमेचे कॅनेडियन मूल्य काढूनच भरावा लागतो. दरपत्रकावर नुसते ‘डॉलर’ लिहून कोणता डॉलर हे झाकून ठेवले, तर ती फसवणूक होय आणि तिचा निषेध मी आपल्याइतकाच करीन. ठळक अक्षरांत ‘अमेरिकी डॉलर’ लिहिणाऱ्या मालकाला मात्र तो शब्द लागू होत नाही.

हे दरपत्रक कोणासाठी छापले जाते, हे पाहिल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय या राज्यांतील गळकरी, म्हणजे गळाने मासे धरणारे हौशी लोक, मिनेसोटातील इंटरनॅशनल फॉल्सहून पूल ओलांडून ओंटारिओतील फोर्ट फ्रान्सिसला येतात, महामार्ग ७१ने नेस्टर फॉल्स, सू नॅरोज आणि केनोराकडे जातात, किंवा महामार्ग १०५ने इअर फॉल्स आणि रेड लेक गाठतात. वॉलआय, नॉर्दर्न पाइक आणि मस्की या माशांसाठी त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ही वारी चालत आली आहे. या पट्ट्यातील पुष्कळ लॉज मुख्यतः त्यांच्यावरच उभे आहेत. लॉजचे मालक हिवाळ्यात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील शहरांमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांत टेबल मांडून बसतात, आणि पुढच्या मे ते सप्टेंबरच्या हंगामाची बरीचशी आरक्षणे तिथेच होतात. आरक्षण करणारा बहुधा एकटा नसतो. सहा-आठ मित्रांच्या किंवा नातेवाइकांच्या गटाचा तो म्होरक्या असतो, आणि प्रत्येकाकडून पैसे गोळा करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. माणशी किती, हा एकच आकडा त्याला जानेवारीत हवा असतो आणि जुलैत तो बदललेला नको असतो. कॅनेडियन भाव दिला, तर त्याला विनिमय दराचा अंदाज बांधून वर्गणी काढावी लागते, आणि अंदाज चुकला की पुन्हा सर्वांच्या दारी जावे लागते. आपल्या प्रतिक्रियेत या माणसाचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते या प्रथेचे निम्मे कारण तोच आहे.

उरलेले कारण भूगोलात आहे. लेक ऑफ द वुड्स हे सरोवर कॅनडाचे ओंटारिओ व मॅनिटोबा हे प्रांत आणि अमेरिकेचे मिनेसोटा राज्य यांच्यात विभागलेले आहे. मिनेसोटाचा नॉर्थवेस्ट अँगल नावाचा तुकडा ४९व्या अक्षांशाच्याही उत्तरेला आहे आणि तिथे जमिनीवरून जायचे तर कॅनडातून जावे लागते. तिथले रिसॉर्ट स्वाभाविकच अमेरिकी डॉलरमध्ये भाव सांगतात, आणि त्यांच्या धक्क्यावरून सुटलेली नाव काही मिनिटांत ओंटारिओच्या पाण्यात असते. ओंटारिओच्या बाजूला मासा पकडून जवळ ठेवायचा असेल तर मुक्कामही ओंटारिओतच करावा, अशी सक्ती त्या प्रांताने १९९०च्या दशकात केली होती. त्यावरून वाद इतका पेटला की १९९८ साली मिनेसोटाचे काँग्रेस सदस्य कॉलिन पीटरसन यांनी अँगलच्या रहिवाशांना मॅनिटोबात सामील होण्याबाबत मत देऊ द्यावे, असा प्रस्ताव अमेरिकी संसदेत मांडला. ग्राहक एकच, सरोवर एकच, मासाही एकच असताना समोरच्या काठावरचा स्पर्धक ज्या चलनात बोलतो त्याच चलनात बोलणे ही ओंटारिओतील मालकाची गरज आहे. तिच्यात मला स्वतःच्या देशाविषयीचा अनादर दिसत नाही.

आता आपल्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो, कारण हिशेबाचा गाभा तिथे आहे. कॅनेडियन डॉलर घसरला की मालक कमावतो, हे खरे आहे. पण तो वधारला की काय होते, हे आपण लिहिलेले नाही. जानेवारी २००२ मध्ये कॅनेडियन डॉलर सुमारे ६२ अमेरिकी सेंटपर्यंत खाली गेला होता. आठवड्याचा दर २,००० अमेरिकी डॉलर समजा. तेव्हा त्याचे सुमारे ३,२०० कॅनेडियन डॉलर होत. सप्टेंबर २००७ मध्ये दोन्ही डॉलर बरोबरीत आले आणि तेच २,००० अमेरिकी डॉलर कॅनडातही २,०००च राहिले. दरपत्रकातील आकडा न बदलता मालकाचे उत्पन्न साडेपाच-सहा वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक घटले, आणि या काळात स्वयंपाकघर, नावा, गोदी सांभाळणाऱ्यांचे पगार, प्रोपेन, किराणा, मालमत्ता कर हे सगळे कॅनेडियन डॉलरमध्ये आणि वाढतच होते. त्यातच २००८ची अमेरिकेतील मंदी आली, आणि १ जून २००९ पासून जमिनीवरून परतणाऱ्या अमेरिकनालाही पासपोर्ट किंवा तत्सम अधिकृत कागद दाखवणे सक्तीचे झाले. दर वाढवावा तर गिऱ्हाईक मिनेसोटातच थांबते, न वाढवावा तर पदरमोड. २०१६च्या जानेवारीत कॅनेडियन डॉलर पुन्हा ७० सेंटच्या खाली गेला तेव्हा मालकांना मिळालेला लाभ आपल्याला दिसतो. मधल्या वर्षांतली झळ दिसत नाही, कारण ती त्यांनी कोणाला बिलात लावली नव्हती.

अमेरिकी डॉलरमध्ये भाव बांधणे म्हणजे आरक्षणापासून मुक्कामापर्यंत विनिमय दराचा धोका स्वतःच्या अंगावर घेणे होय. कॅनेडियन डॉलरमध्ये भाव बांधला की तोच धोका पाहुण्याच्या अंगावर जातो. धोका नाहीसा करणारा तिसरा मार्ग नाही. बँकेशी आगाऊ दराचा करार करता येतो, पण तो फुकट मिळत नाही आणि दहा-बारा केबिनच्या लॉजला झेपतोच असे नाही. दीर्घकाळात भावाची पातळी अमेरिकी गटाला काय परवडते आणि समोरच्या काठावर काय मिळते यावर ठरते. दरपत्रक कोणत्याही चलनात छापले तरी तिथे फारसा फरक पडणार नाही.

पगारांबद्दल आपण जे लिहिता ते मात्र मी जसेच्या तसे मान्य करतो. ओंटारिओत मासेमारी आणि शिकारीच्या गाइडसाठी किमान वेतन तासावर नसून दिवसावर असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते पाच किंवा अधिक तासांच्या दिवसाला १७२.०५ कॅनेडियन डॉलर होते. पहाटे इंधन भरण्यापासून दुपारी काठावर मासे तळून शोर लंच वाढण्यापर्यंत आणि संध्याकाळी मासे साफ करून देण्यापर्यंत तो दिवस किती तासांचा होतो, हे त्या पाण्यावर गेलेल्या कोणालाही माहीत आहे. या गाइडमध्ये अनिशिनाबे या तिथल्या मूळनिवासी समाजातील माणसे पूर्वीपासून आहेत. पाण्याखालचे खडक आणि माशांच्या जागा त्यांना ठाऊक असतात म्हणूनच पाहुणे परत येतात. विनिमय दरातून मिळालेल्या नफ्याचा वाटा त्यांना मिळाला पाहिजे, असे मलाही मनापासून वाटते. परंतु दरपत्रक कॅनेडियन डॉलरमध्ये छापल्याने तो वाटा त्यांच्याकडे आपोआप वळेल, हे आपले गृहीतक मला पटत नाही. तो मालक आणि गाइड यांच्या करारात लिहावा लागेल: हंगामाच्या सुरुवातीला धरलेल्या दरापेक्षा जेवढे अधिक मिळाले, त्याचा ठरलेला भाग शेवटच्या पगाराबरोबर द्यावा.

खरे पाणी मुरते ते दुसरीकडे. दर कोणत्या चलनात आहे यापेक्षा, आगाऊ रक्कम घेतल्यानंतर विनिमय दर ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हे मला महत्त्वाचे वाटते. एखादे लॉज भाव अमेरिकी डॉलरमध्ये छापते, मॅनिटोबातून आलेल्या कुटुंबाकडून कॅनेडियन डॉलर स्वीकारते आणि निघण्याच्या दिवशी काउंटरवर स्वतःचा दर सांगते. एखादे याच्या उलट वागते: भाव कॅनेडियन डॉलरमध्ये असतो, बँकेत एका अमेरिकी डॉलरला १.३७ मिळत असताना इथे रोख नोटा १.१०ने घेतल्या जातात. दोन्ही ठिकाणी मधला फरक पाहुण्याला न सांगता काढून घेतला जातो, आणि चलनाचे नाव काहीही असले तरी हे चुकीचेच आहे. बँक ऑफ कॅनडा ही देशाची मध्यवर्ती बँक कामकाजाच्या प्रत्येक दिवशी विनिमय दर प्रसिद्ध करते. त्या दराने, अमुक तारखेच्या, एवढे एक वाक्य आरक्षणाच्या कागदावर लिहायला काहीच खर्च येत नाही.

कार्डाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागत नाही. कार्डाने भरलेले पैसे जिथे जमा होतात ते लॉजचे खाते अमेरिकी डॉलरमध्ये असेल, तर ओंटारिओचा रहिवासी ओंटारिओतच पैसे भरताना परदेशी व्यवहार करतो, आणि कॅनडातील अनेक कार्डे त्यावर २.५ टक्के आकारतात. उलट खाते कॅनेडियन असेल, तर अमेरिकी डॉलरमधला भाव लॉज आपल्या दराने कॅनेडियन करते आणि अमेरिकी पाहुण्याची बँक तो पुन्हा अमेरिकी करते. दोन वेळा बदल, दोन वेळा कात्री. पाहुण्याला हे महिन्याअखेरचे विवरण आल्यावर कळते. ज्या लॉजला दोन्ही प्रकारचे पाहुणे हवे आहेत, त्याने दोन्ही चलनांत खाती ठेवावीत, अशी माझी ठाम अपेक्षा आहे.

तिसऱ्या आक्षेपात आपण सर्वांत चांगला युक्तिवाद केला आहे: प्रांत स्वतः मासेमारीचा परवाना कॅनेडियन डॉलरमध्येच विकतो, मग त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्याने तसे का करू नये? पण तो परवाना जरा जवळून पाहा. ओंटारिओत त्याचे शुल्क तीन प्रकारचे आहे: ओंटारिओच्या रहिवाशाला एक, इतर प्रांतांतील कॅनेडियन रहिवाशाला दुसरे, कॅनडाबाहेरच्या पाहुण्याला तिसरे आणि सर्वांत अधिक. सरकारी जमिनीवर कॅनेडियन रहिवासी एका जागी २१ दिवसांपर्यंत विनाशुल्क तंबू ठोकू शकतो. फ्रेंच आणि मॅटावा नद्यांच्या उत्तरेला परदेशी पाहुण्याला सहसा त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. म्हणजे पाण्यावर घरच्या माणसाचा हक्क अधिक आहे हे प्रांताने मान्य केले आहे, आणि त्याने ते रहिवासाच्या निकषावर, उघडपणे आणि आकड्यांत छापून केले आहे. लॉजने उचलण्यासारखी गोष्ट मला ही वाटते. अमेरिकी पाहुण्यासाठी अमेरिकी भाव राहू द्यावा. त्याच्याच बाजूला कॅनेडियन रहिवाशासाठी कॅनेडियन डॉलरमधला, संपूर्ण हंगामासाठी पक्का असा भाव छापावा. काही लॉज कॅनेडियन पाहुण्याकडून तोच आकडा कॅनेडियन डॉलरमध्ये घेतात. दर १.३७ असताना ही सवलत सुमारे २७ टक्क्यांची होते, आणि घरच्या माणसाला परके न ठरवण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही. हे बंधन मी कायद्याने घालणार नाही, पण ज्या लॉजच्या दरपत्रकावर कॅनेडियन भावच नाही, त्याच्याविषयी आपला राग मला योग्य वाटतो.

शेवटी आपण विचारले आहे की सीमा पुन्हा बंद झाली तर आगाऊ रकमेचे काय. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली आणि लसीकरण झालेल्या अमेरिकी पर्यटकांसाठी ती ९ ऑगस्ट २०२१ रोजी उघडली. एक हंगाम पूर्ण आणि दुसरा बहुतांश गेला. ज्या मालकांनी जानेवारी २०२० मध्ये सुमारे १.३०च्या दराने अमेरिकी अनामती कॅनेडियन करून डागडुजीत घातल्या होत्या, त्यांना मार्चच्या मध्यानंतर दर १.४५च्या आसपास असताना त्या परत करायच्या झाल्या, तर प्रत्येक १,००० अमेरिकी डॉलरमागे १५० कॅनेडियन डॉलर पदरचे घालावे लागणार होते. म्हणून अनेकांनी पैसे परत न करता आरक्षणे पुढे ढकलली, आणि पाहुणे खट्टू झाले. माझे उत्तर असे की अमेरिकी डॉलरमध्ये घेतलेली अनामत मुक्काम होईपर्यंत अमेरिकी डॉलर खात्यातच पडून राहावी, आणि सीमा सरकारी आदेशाने बंद झाल्यास ती त्याच चलनात, तेवढीच आणि किती दिवसांत परत मिळेल हे आरक्षणाच्या कागदावर लिहिलेले असावे. हे लिहून द्यायला जे लॉज तयार नसेल, तिथे आपण पैसे पाठवू नयेत, भाव कोणत्याही डॉलरमध्ये असो.