इमॅजिकासाठी मुक्काम घाटाखालीच करा

एका लेखात इमॅजिका या थीम पार्कसाठी लोणावळ्यात राहायचा सल्ला दिलाय, तो मुलंबाळं घेऊन जाणाऱ्यांना मी तरी देणार नाही. पार्क घाटाच्या खाली, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. म्हणजे सकाळी घाट उतरायचा आणि दिवसभर खेळून पेंगुळलेल्या पोरांना घेऊन संध्याकाळी परत चढायचा. शनिवार-रविवारी बोरघाटात गाड्या तुंबल्या की मागच्या सीटवर रडारड ठरलेलीच! पार्कला लागूनच हॉटेल आहे. बजेटमध्ये बसत असेल तर तेच घ्या, दुपारी आजी-आजोबांना खोलीवर जरा आडवं होता येतं. नाहीतर सरळ खोपोलीत उतरा.

रेल्वेने येणार असाल तर एक लक्षात ठेवा: खोपोलीचा फाटा कर्जतला फुटतो, पुण्याकडे जाणाऱ्या एक्सप्रेस खोपोलीला जातच नाहीत. मुंबईहून थेट खोपोली लोकलही मोजक्याच, म्हणून वेळापत्रक आधी बघा. स्टेशनवर रिक्षा ठरवतानाच परतीचंही बोलून घ्या, कारण पार्क बंद झाला की सगळे एकदमच बाहेर पडतात. दुसरा दिवस हाताशी असेल तर त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर होतो, आणि महडचा वरदविनायक तर खोपोलीच्या अगदी जवळ आहे.