सगळेच ‘भीषण’ कसे?

वृत्तपत्र उघडले किंवा बातम्यांची वाहिनी लावली की ‘भीषण’ हे विशेषण दिसल्यावाचून राहत नाही आणि आता त्याचा अगदी उबग आला आहे. अपघात भीषण, आग भीषण, पाणीटंचाई भीषण आणि आकडेवारी जरा वाईट आली की वास्तवही भीषणच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. २०१४ साली माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेच्या आसपास माणसे दगावली. या घटनांना भीषण म्हणावे, त्यात दुमत नाही. परंतु दुचाकी घसरून चालकाचा हात मोडला, तरी मथळ्यात हाच शब्द येणार असेल, तर वाचकाने फरक ओळखायचा कसा?

दुष्काळाच्या बातम्यांत तर हे फारच खटकते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हाची टंचाई आणि शहरात नळाला दिवसाआड पाणी येणे, या दोन्हींना एकच विशेषण लावणे हा लातूरकरांवर अन्याय आहे. टँकर किती दिवसांनी येतो, गावातली विहीर कधी आटली, हंडाभर पाण्यासाठी बायकांना किती पायपीट करावी लागते, हे लिहा ना! त्यासाठी गावात जाऊन चार माणसांशी बोलावे लागते. विशेषण मात्र कचेरीत बसूनही ठोकून देता येते. उपसंपादकांनी निदान मथळ्यातला हा शब्द खोडून तिथे नेमकी माहिती घालावी.